चिकणमातीसकट

"ताई, दहा मिनिटांचं काम आहे. दुसरं पोतं उघडा, नळाखाली धरा, माती गेली की पुन्हा दळा."

"नाय धरनार."

"अहो, पार्टीचा तिसरा फोन आला!"

"तीस येऊ देत. तुमीच धुवा, हात हायत ना?"

आपलं बोलणं नीट ऐकू जावं म्हणून सुचिता म्हात्रेंनी क्रशरच बंद केला. महाप्याच्या खनिज तपासणाऱ्या लॅबची ही शेड. सुचिताताई तळवलीच्या, वय बावन्न. समोर मॅनेजर शौनक, नेरूळचा, त्यांच्या लेकाच्या वयाचा. आणि मध्ये पार्टीच्या कोकणातल्या खाणीतून आलेला बॉक्साइट. म्हणजे ज्यातून अ‍ॅल्युमिनियम काढतात तो तांबूस दगड. पहिल्या पोत्यात चिकणमाती फार निघाली. तसा रिपोर्ट गेला तर कारखाना माल नाकारणार. पण नमुन्याच्या चिठ्ठीवर सुचिताताईंची सही नसेल, तर रिपोर्टच निघत नाही.

अठरा वर्षांपूर्वी त्या इथं झाडू मारायला आल्या. एकदा कुणीतरी म्हणालं, नमुना नीट करून ठेवा. यांनी घरून सूप आणलं आणि तांदूळ निवडावेत तशी मातीची ढेकळं वेचून फेकली! केमिस्ट वैजयंती मॅडम कडाडल्या, "अगं बाई, डोंगरात आहे ते सगळं या परातीत पाहिजे. घाणसुद्धा!" मग त्यांनीच शिकवलं. दळलेल्या दगडाचा ढीग करायचा, चपटा करायचा, चार भाग पाडायचे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन काढायचे. पुन्हा ढीग, पुन्हा चार. चाळीस किलोंचं पोतं शेवटी एका पुडीत येतं. चांगले खडे निवडायचे नाहीत, धूळ सोडायची नाही.

"खाणीवर ते धुणारच आहेत ना?" शौनक म्हणाला. "तिथं चालतं, मग इथं काय बिघडलं?"

"तिथं सगळा माल धुतील, माती जाईल, वजन घटेल. ते काम हाय. इथं एक पोतं धुवायचं आनि ट्रक भरून माती खपवायची, ते काय हाय? सांगा की!"

"नोकरी नकोय का तुम्हाला?"

"दम कोनाला देता? बसवा घरी. चार भाग तरी पाडता येतात का तुमाला?"

वजनकाट्यामागे बसलेली मदतनीस भाविका खुदकन हसली. शौनकचा आवाज खाली आला. "ताई, बावीस माणसं आहेत इथं. ही पार्टी गेली तर टेन्शन सगळ्यांनाच आहे."

"बरं. धुते." सुचिताताईंनी पदर खोचला, पोत्याची सुतळी सोडली. शौनकनं सुटकेचा निःश्वास टाकला. "फकस्त रिपोर्टवर लिवा, नमुना धुऊन तपासला. तुमी लिवा, तुमी सही करा. खाली मी करते."

त्यांनी पेन पुढे धरलं.

"घ्या ना, सर. लिवताय?"

खिशातला फोन पुन्हा वाजायला लागला. शौनकनं तो काढला नाही. पेनाकडे पाहिलं, उघड्या पोत्याकडे पाहिलं, आणि तसाच शेडबाहेर निघून गेला.