तिसऱ्या गाण्यातली ढोलकी

आमच्या बँडची पहिली आणि शेवटची कॅसेट दवनीवाड्याच्या मंडईत वाजली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, दुपारी दुकानं आणि पाळणे, रात्री नाटक. आम्हा चौघांपैकी गाणी लिहिणारा, गिटार वाजवणारा मित्र त्या गावचा, म्हणून कॅसेट आधी तिथंच लावायची असं ठरलं होतं. मी गोंदियाजवळच्या कुडव्याचा, शिक्षकाचा मुलगा. ड्रम वाजवायचो.

गोंदियात तेव्हा ऑर्केस्ट्रा म्हणजे लग्नात सिनेमाची गाणी. आम्हाला ते नको होतं. मित्राची गाणी बेकारीवर होती, धानाच्या बांध्यांवर होती, आणि गिटार इतकी करकरीत की शेजारीण विचारायची, "मिक्सर बिगड गया क्या, बेटा?" कुठल्याशा मासिकात वाचून मित्र याला 'अल्टरनेटिव्ह रॉक' म्हणायचा. त्याचे वडील म्हणायचे, "नाव काईबी ठेव, ताल सोडू नोको."

त्यांना मी काकाजी म्हणायचो. ते शेतमजुरी करत आणि गावच्या भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवत. तिसऱ्या गाण्यात त्यांची ढोलकी घ्यायची, ही कल्पना मित्राची. नागपूरच्या स्टुडिओत काकाजी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. हेडफोन लावल्यावर आपलाच आवाज ऐकू येईना, म्हणून ओरडले, "सुरू करू का गा?" आणि पहिल्याच खेपेला बिनचूक वाजवून मोकळे झाले. परतल्यावर त्यांनी गावभर सांगून ठेवलं : तिसरं गाणं नीट ऐका, त्यात माझा हात आहे.

शेवटच्या मिक्सिंगला मी एकटाच गेलो. लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाची कापणी सुरू झाली होती, मित्र तिकडे अडकला होता. स्टुडिओवाला म्हणाला, "ये ढोलक और ड्रम आपस में लड़ रहे हैं. एक रखो." मित्राला विचारून सांगतो, एवढं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "ढोलक निकाल दो."

त्यात जातीचं काही नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. मला फक्त माझे ड्रम ऐकू यायला हवे होते, गाणं परदेशी वाटायला हवं होतं. पण चौदा एप्रिलची मिरवणूक रस्त्याला लागली की आमच्या घरी खिडक्या लावून घेत, आणि त्या आवाजात ढोलकी असायची. एवढं लिहून ठेवतो. पुढचं मला स्वतःलाही नक्की माहीत नाही.

मंडईच्या दिवशी भोंगा लावला होता काकाजींच्या चुलतभावाने. तो पार्टीत पेटी वाजवायचा आणि गावातल्या सगळ्या कार्यक्रमांना भोंगा पुरवायचा. तिसरं गाणं लागलं तेव्हा काकाजींनी हात वर करून लोकांना गप्प केलं. पाळणेवाल्यालाही थांबवलं. डोकं किंचित तिरपं करून ते ऐकत राहिले. गाणं अर्ध्यावर आलं, तरी त्यांचा हात तसाच वर होता.

मित्र माझ्याजवळ सरकला. "काऊन बे, ढोलकी कुठं गेली?"

मी म्हणालो, "भोंगा खराब आहे."

हळूच म्हणालो होतो, पण काकाजींनी ऐकलं. हात खाली आला आणि ते भावाकडे वळले. "असा डब्बा कायले आणला? सारा गाव आयकून रायला इथं!"

"भोंग्यात खराबी नाई, दादा. कॅसेटमंधीच नाई ते."

"मंग मी नागपूरले का मच्छर माराले गेलतो?"

लोक हसले. कोणी म्हणालं, "पेटीवाल्यानं ढोलकी खाल्ली!" भावाने तिथल्या तिथे वायर काढली आणि भोंगा खांद्यावर टाकून निघून गेला. मी माझ्या बुटांकडे पाहत उभा होतो.

गोंदियाच्या कॉलेजात कॅसेट फिरली. मुलं म्हणाली, "ड्रम एकदम फॉरेन का लगता है." ते ऐकून मी खूश झालो, हेही खरंच आहे. नागपूरच्या एका वर्तमानपत्रात छोटासा मजकूर आला. वाजवतात बरं, पण ही मुलं कुठली आहेत हे गाण्यांतून कळत नाही, अशा अर्थाचा. मित्राने तो वाचून माझ्यासमोर ठेवला. कॅसेट ऐकून त्याला सगळं कळलं होतंच. वडिलांना मात्र त्याने सांगितलं की आपल्या कॅसेटची फीत गुंतली, आता ती वाजणार नाही. पुढे त्याने गिटार विकली. आता तो बिरसीच्या विमानतळावर कामाला आहे. भेटलो की आम्ही पगाराविषयी बोलतो.

मध्ये वीसेक वर्षं गेली. मी चाळिशीला टेकलो होतो. एका रविवारी मित्राच्या घरी गेलो, तेव्हा काकाजी अंगणात बसले होते. आता त्यांना खरोखरच कमी ऐकू येत होतं. मी जवळ बसून म्हणालो, "काकाजी, ढोलकी मी काढली होती." ऐकू जाणार नाही अशाच बेताने म्हणालो असणार.

"मोठ्यानं बोल गा!"

मित्र दारात उभा होता. शेजारच्या अंगणातल्या बायका तांदूळ निवडायच्या थांबल्या. मी ओरडलो, "कॅसेटमधून तुमची ढोलकी मी काढली! भोंगा चांगला होता!"

मला शिवी हवी होती.

"म्हंजे तो खरं बोलत होता," ते म्हणाले. "तवापासून त्याच्यासंगं बोललो नाई मी. पार्टीतून काढला त्याले. पोरीच्या लग्नात बलावलं त्यानं, तरी गेलो नाई."

हे मला माहीत नव्हतं. मित्राला माहीत होतं. तो दारातून हलला नाही.

काकाजी भिंतीला धरून उठले आणि चप्पल शोधू लागले. "चाल."

"कुठं, काकाजी?"

"त्याच्या घरी. मले सांगितलं तसंच सांग त्याले. त्याले बरोबर आयकू येते, वरडू नोको."

भावाचं घर त्याच गल्लीत होतं. काकाजी माझ्या खांद्यावर हात टाकून चालले. तो आधारासाठी होता की मी पळू नये म्हणून, ते मला कळलं नाही. दार उघडलं. म्हाताऱ्या पेटीवाल्याने आधी काकाजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता कायले आले?" तो म्हणाला.

काकाजींनी हात माझ्या खांद्यावरून काढून घेतला.