शुद्ध जर्मन आणि फुगलेली गाय

जर्मन ही तत्त्वज्ञांची भाषा आहे आणि ती शिकणं म्हणजे मानवी विचाराच्या शिखराकडे पाऊल टाकणं, असं मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवताना आयुष्यभर सांगत आलो. मला स्वतःला जर्मन येत नव्हती. त्यामुळे हे विधान तपासून पाहायची वेळ कधी आली नाही.

ती निवृत्तीनंतर आली. माझी भाची वैशू, अंजनगाव सुर्जीची, नर्सिंग करून अमरावतीच्या एका दवाखान्यात राबत होती. जर्मनीतल्या वृद्धाश्रमांना नर्सेस हव्या आहेत असं तिला कळलं. पोरीने पुस्तकं आणली, मोबाइलवर धडे ऐकले आणि लेखी परीक्षा पास केली. अडलं ते बोलण्यावर. वृद्धाश्रमाची माणसं व्हिडिओवर मुलाखत घेणार होती. तिथे तोंड उघडलं तर नोकरी, नाही तर पुन्हा तोच दवाखाना! (शिवाय वैशूची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण शोभा, हिने स्थळं काढून ठेवली होतीच. त्यातल्या एकाचं अकोटला कृषी केंद्र होतं आणि त्याबद्दल ती फार आदराने बोलायची.)

"अकोल्याले जर्मनचा क्लास आहे म्हन्ते, दादा," शोभा म्हणाली. "तिथं टाकू का पोरीले?"

त्या क्लासचा फ्लेक्स मी पाहिला होता. डायरेक्टर कोट-टायमध्ये हाताची घडी घालून उभे आणि मागे बर्लिनची कमान. अकोल्याच्या उन्हात ज्याला टाय बांधावासा वाटतो, त्याच्या सारासारविचाराबद्दल मला शंका येते.

"क्लास नको," मी जाहीर केलं. "भाषा माणसांकडून शिकायची असते. अस्सल जर्मन माणसाशी रोजचं साधं बोलणं! मी जमवतो."

"तुले कोन जर्मन वळखते?"

मला अमरावतीतही फारसं कोणी ओळखत नाही, पण इंटरनेटवर ती अट नसते. परदेशी माणसांशी गप्पा जुळवून देणारी एक साइट मी शोधली. तिथे तरुण पोरं ढिगाने होती. मी मुद्दाम म्हातारा निवडला. माणूस जितका जुना तितकी त्याची भाषा शुद्ध, असा माझा सिद्धांत होता. ("तुमच्या आबांची भाषा आठवते न?" एवढंच बायको म्हणाली. माझे आबा गावच्या तलाठ्यालाही 'काहून बे' म्हणत. मी दुर्लक्ष केलं.)

आलोइसबुवा दक्षिण जर्मनीतल्या डोंगराकडच्या एका खेड्यातले शेतकरी. लाल चेहरा, पांढऱ्या मिशा, आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाणारा. म्हातारा दिवसभर घरच्यांचं डोकं खातो म्हणून नातीने त्यांचं नाव त्या साइटवर टाकलं होतं.

पहिल्या कॉलसाठी मी एक वाक्य घोकून ठेवलं होतं. 'तत्त्वचिंतकांच्या भूमीला भारतातल्या एका शिक्षकाचा प्रणाम', अशा अर्थाचं. ते मी उभं राहून म्हटलं. आलोइसबुवांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाई किती आहेत?"

वैशूने भाषांतर केलं. मी म्हटलं, एकही नाही. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला प्रथमच आपल्या आयुष्याची दया आली.

"आमच्याकडे दोन आहेत," वैशू अडखळत म्हणाली.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला! तिथून पुढे मला कोणी विचारलं नाही.

रोज संध्याकाळी कॉल सुरू झाला. वैशू दवाखान्याची नोकरी सोडून तयारीसाठी अंजनगावला गेली होती. ती गोठ्यात मोबाइल खुंटीला टांगून बोलायची, आलोइसबुवा त्यांच्या गोठ्यातून बोलायचे आणि मी मार्गदर्शक या नात्याने अमरावतीतून तिसऱ्या चौकटीत बसायचो. गवत, पाऊस, गुडघे, सून, दुधाचा भाव. पोरगी महिन्याभरात घडाघडा बोलायला लागली. शब्दकोश मांडीवर घेऊन मलाही थोडंफार कळायला लागलं, पण म्हाताऱ्याचे कित्येक शब्द त्यात सापडत नव्हते. त्यावरून मी असा निष्कर्ष काढला, की शब्दकोश अपुरा आहे.

"बघ शोभा," मी अभिमानाने म्हणालो, "छापील पुस्तकात नाही अशी जर्मन शिकते आहे तुझी मुलगी!"

हे विधान शब्दशः खरं निघालं.

मध्येच चांदी फुगली. चांदी म्हणजे अंजनगावची गाय. तिने ओला लसूणघास बकाबका खाल्ला आणि तिचं पोट डाव्या बाजूने नगाऱ्यासारखं झालं. ढोरांचा डॉक्टर अकोटला लग्नाला गेलेला. शोभाचा नवरा, आमचे भाऊजी, हवालदिल! नेमका तेव्हा कॉल चालू होता. आलोइसबुवांनी खुंटीवरूनच परिस्थिती ताब्यात घेतली. पडद्यात डोकं घालून ते ओरडायला लागले, एकच वाक्य, पुन्हा पुन्हा. वैशू गायीला ओढत होती, तिचं लक्ष नव्हतं, म्हणून तेच वाक्य मी अमरावतीतून ओरडायला लागलो.

"मामा, मराठीत सांगा न!"

"गाय फुगली असेल तर तिचे पुढचे पाय उंचावर ठेवा!"

"उंचावर म्हंजे कोठी?" भाऊजी.

"उकिरड्यावर चढवा न तिले!" शोभा.

चांदीला उकिरड्यावर अर्धी चढवली, तेल पाजलं, कूस चोळली. मग तिने असा ढेकर दिला की माझ्या हॉलमधली बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता काय झालं?" (ती हॉलमध्ये होती की स्वयंपाकघरात हे मला नक्की आठवत नाही. ढेकर तेवढा मोठा होता.) आलोइसबुवांनी टोपी काढून चांदीला सलाम केला.

मुलाखत पंधरा दिवसांवर आली तशी शोभाच्या मनात पाल चुकचुकली. "एकदा त्या अकोल्याच्या सरले दाखवू," तिने लावून धरलं. मी विरोध केला नाही. टायवाल्याची जिरवायची संधी होती.

डायरेक्टरांच्या केबिनमध्ये वैशूने तोंड उघडलं. डायरेक्टरांनी आधी चष्मा काढला, मग पुसला, मग हळूच टाय सैल केला.

"सर, ही कोणती भाषा?"

"जर्मन," मी म्हणालो.

"कोणाची?"

"अस्सल जर्मन माणसाची!"

"सर, ही बव्हेरियाच्या खेड्यातली बोली आहे. बर्लिनच्या माणसाला हिच्यासाठी दुभाष्या लागेल." मग ते मंद हसले. (ते मूळचे पुण्याचे निघाले!) "म्हणजे ही जर्मनीतली वऱ्हाडीच म्हणा ना."

हे हसू माझ्या ओळखीचं होतं. तरुणपणी पुण्याच्या एका परिसंवादात मी बोलायला उभा राहिलो आणि तोंडून 'मले वाटते' निघून गेलं. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ असेच हसले होते. त्या दिवसापासून मी 'मला वाटतं' म्हणतो. वैशू लहान असल्यापासून तिलाही 'मले नाही, मला' म्हणून टोकतो. आणि शुद्धतेचा हा मी पहारेकरी, मी पोरीला अख्ख्या जर्मनीतली वऱ्हाडी हुडकून दिली होती!

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर आलं तशी शोभा फुटली.

"काय करून ठेवलं तू माह्या पोरीचं? आता थे अकोटवालं पोट्टंही हातचं गेलं, त्याचं लगन ठरलं मागच्या आठवड्यात!"

"आई, रडू नको वं," वैशू म्हणाली. "मामानं मुद्दाम थोडी केलं."

'मुद्दाम थोडी' हे मला जास्त लागलं.

मी प्रायश्चित्त म्हणून शुद्धीकरण मोहीम काढली. वैशूला अमरावतीला आणून सकाळ-संध्याकाळ ग्रंथशुद्ध वाक्यं पाठ करायला लावली. आलोइसबुवांशी बोलणं पूर्ण बंद! त्यांचा फोन वाजत राहायचा. मग त्यांनी आपल्या गायीचा फोटो पाठवला. मग त्याच गायीचा दुसऱ्या बाजूने. वैशू फोटो बघायची आणि पुस्तकात तोंड घालायची.

मुलाखत मेमध्ये, भर दुपारी, माझ्या फ्लॅटवर. कुलर आवाज करतो म्हणून बंद. शोभा दारात, आंबेवाला ओरडू नये म्हणून. आणि लॅपटॉपच्या मागे मी, हातात जुन्या कॅलेंडरांची पाठकोरी पानं, त्यावर ठसठशीत अक्षरात शुद्ध वाक्यं. मी कॅमेऱ्यात दिसणार नव्हतो. तरीही मी कोट घातला होता. टायसुद्धा.

पडद्यावर दोघं होते: नर्सेस पुरवणाऱ्या कंपनीचा एक किडकिडीत तरुण आणि वृद्धाश्रमाच्या प्रमुख, गोल चेहऱ्याच्या बाई. सुरुवात झकास झाली. मी पान धरायचो, वैशू म्हणायची, तरुण मान डोलवायचा. मग बाईंनी विचारलं, "एखाद्या आजी आंघोळीला तयारच नसतील तर त्यांना काय म्हणाल?"

मी पटकन पान धरलं. घाम डोळ्यांत उतरला होता. पानावर 'माझे छंद' होते.

वैशूने पान वाचलं. माझ्याकडे पाहिलं. तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती सुटली! खास आलोइसबुवांच्या भाषेत, त्यांच्याच हेलात. आजीला चुचकारलं, तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, सुनेबद्दल चार शब्द सहानुभूतीचे बोलली, आणि गरम पाणी गार होऊन राहिलं म्हणून खोटं खोटं रागावली.

किडकिडीत तरुण नुसता बघत राहिला. त्याला अक्षर कळलं नव्हतं. मी डोळे मिटले. संपलं!

डोळे उघडले तर बाई खुर्चीतून पुढे झुकल्या होत्या, आणि त्याच भाषेत, त्याच हेलात, काहीतरी विचारत होत्या. वैशूने उत्तर दिलं. बाई खळखळून हसल्या. मला मध्ये फक्त 'गाय' कळत होतं. मग त्यांनी मागे कोणालातरी हाक मारली, कॅमेरा वळवला, आणि खिडकीशी बसलेल्या एका आजींपुढे धरला. आजी सुरुवातीला भिंतीकडे तोंड करून होत्या. वैशू बोलली तशा वळल्या. मग दोघींचं जे जुंपलं ते बाईंनाच थांबवावं लागलं.

"आमच्याकडचे निम्मे म्हातारे हीच बोली बोलतात," बाई सावकाश, त्या तरुणालाच काय, मलाही कळेल अशा जर्मनमध्ये म्हणाल्या. "नव्या नर्सेस पुस्तकातलं बोलतात, म्हातारे तोंड फिरवतात. ही पोरगी आम्हाला हवी." मग त्यांचे डोळे बारीक झाले. "आणि तुमच्या मागच्या कपाटाच्या आरशात कोट घातलेले एक गृहस्थ कॅलेंडर घेऊन उभे आहेत. ते कोण?"

दारातून शोभा कुजबुजली, "दादा, आता बोल न काही! गप काहून उभा आहेस?"

मी पुढे झालो. तत्त्वचिंतकांच्या भूमीला करायचा प्रणाम ओठांवर आणला. तोंड उघडलं, आणि आलोइसबुवांच्या सुरात, पूर्ण आवाजात, बाहेर पडली ती फुगलेली गाय!

बाईंना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

त्या संध्याकाळी वैशूने पहिला फोन आलोइसबुवांना केला. म्हातारा रुसला होता. पण चांदीचं पोट आता कसं आहे हे विचारल्याशिवाय त्याला रुसताही येईना. आज वैशू तिकडे आहे, सुट्टीच्या दिवशी त्यांच्या गोठ्यात जाते. फोनवर मलाही 'मामा, मले' म्हणते, आणि मी टोकत नाही.

अमरावतीत मात्र श्रेय माझ्याकडे आलं. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी माझा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ आणि मागे फ्लेक्स: 'जर्मन भाषेचे गाढे अभ्यासक'. फ्लेक्सवर मी हाताची घडी घालून उभा होतो. अध्यक्षांनी आग्रह केला, "सर, दोन शब्द जर्मनमधून!" मला जर्मनमध्ये न अडखळता येणारं वाक्य एकच. ते मी डोळे किंचित मिटून, मध्ये योग्य तिथे थांबून म्हटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष सद्गदित होऊन म्हणाले, "अर्थ कळला नाही, पण केवढं तत्त्वज्ञान आहे या एका वाक्यात!"

मी नम्रपणे मान लववली. गाय फुगली असेल तर तिचे पुढचे पाय उंचावर ठेवावेत, एवढंच ते वाक्य आहे. आमच्याकडे गाय नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.