पुस्तक पास की नापास?

दोन मास्तर आणि तीन पुस्तकं एका ओसरीवर बसली, की किस्से उसाच्या पाचटासारखे साचतात. एक उचलायला जावं, तर खाली दहा!

माझी लेक सुनंदा बारामतीच्या कॉलेजात एम.एस्सी.ला भूगर्भशास्त्र शिकवते. यंदा तिला नवा पेपर मिळाला, स्थिर समस्थानिकांचा. म्हणजे एकाच मूलद्रव्याची हलकी नि जड भावंडं. ती मोजून दगडाचं, पाण्याचं मूळ ओळखायचं. पुस्तक मात्र एकच लावायचं. वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी, पळसदेवची कविता, नमुन्याचं एक पुस्तक चाळून म्हणाली, "मॅडम, हा पेपर मी सोडते."

म्हणून विभागप्रमुख जगदाळे सर रविवारी पुस्तकं घेऊन कळस गावी आमच्या घरी आले. परीक्षक मी! माझी शाळा चौथीत सुटली, इंग्रजी मी खताच्या पोत्यांवरून शिकले. मला कळलं नाही, तर पुस्तक नापास. मी नव्हे.

*

पहिलं पुस्तक जाडजूड. सुरुवातीलाच लिहिलेलं, 'हे तर सर्वांना ठाऊकच आहे.'

"सर, कुणाला ठाव हाय?"

"तज्ज्ञांना, मावशी."

"मग त्यास्नीच इका की!"

*

दुसऱ्यात पानोपानी बर्फ. सर रंगात येऊन सांगायला लागले, "ध्रुवाकडच्या बर्फात हलकं पाणी जास्त. त्यावरून जुनं हवामान कळतं."

मी म्हटलं, "सर, आमच्या कळसात बर्फ फकस्त लग्नातल्या सरबतात दिसतो. तो इरघळायच्या आत शिकवून हुईल का?"

*

मग सुनंदानं मला खूश करायला आपल्या उसाचा दाखला काढला. उसातला कार्बन फुलांतल्या मधाच्या कार्बनाहून वेगळा असतो. मधात साखर घातली की यंत्र पकडतं. ओसरीच्या कडेला माळेगावचे आमचे पाहुणे, तात्या, बसले होते. तात्या मध विकतात.

निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "आक्का, त्ये यंत्र बारामतीत आलंय का अजून?"

*

तिसरं पुस्तक बारीक. त्यात तळी, विहिरी, नद्या. मला आवडलं. सर म्हणाले, "गणितं कमी आहेत, मावशी. लोक हसतील."

"गणितं सुनंदा घालंल. ती कविताच सोडून गेली तर कुणाला घालणार? जेवणार ती, आन् चव तुमी बघणार व्हय?"

सरांनी हात जोडले. तिन्ही पुस्तकं आठवडाभरासाठी कविताकडे गेली. "लायब्ररीची आहेत, तिन्ही परत हवीत," एवढं बजावून.

*

पुढच्या रविवारी सर आले, मागोमाग कविता आली. पिशवीतून दोन पुस्तकं काढून ओसरीवर ठेवली.

"तिसरं?" सर म्हणाले.

पोरगी घुटमळली. तिचे वडील उजनी धरणाच्या पाण्यात मासेमारी करतात, त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नाही. "सर, सांजच्याला मी होडीत वाचत बसले हुते. बाबा म्हनले, मला बी सांग. मग मराठीत सांगितलं. तळ्याचं पानी उन्हानं उडतं तवा हलकं आदी जातं, जड मागं ऱ्हातं. बाबांनी जाळं टाकायचं थांबवलं. तवापास्नं रोज इचारत्यात, फुडं काय लिवलंय?"

सुनंदा माझ्याकडे बघेना. डोळे पुसत होती.

सर घसा खाकरून म्हणाले, "ते ठीक आहे गं. पण पुस्तक कुठंय?"

कविता खाली बघत म्हणाली, "बाबा देत न्हाईत, सर."