भिंतीचा दाखला

कुठल्याही खोलीत शिरले की मामा आधी माणसाकडे बघत नसत, भिंतीकडे बघत. तळवा फिरवायचे, नखाने टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "भिंत चांगली हाय. आता मान्सं बघू." शिरूरच्या आमच्या पंचायत समितीत पहिल्यांदा आले, तेव्हा माझ्या टेबलामागच्या भिंतीचा पोपडाच त्यांच्या हातात आला. तो त्यांनी माझ्या फायलीवर ठेवला आणि म्हणाले, "ही काय खरी न्हाई." माणसांबद्दल काही बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

मी समाजकल्याणच्या टेबलावर कारकून होतो. वृद्ध कलावंतांना सरकार मानधन देतं, त्याचे अर्ज माझ्याकडे येत. शाहीर यायचे, भजनी बुवा यायचे, एखादा ढोलकीवाला टेबलावरच ठेका धरायचा. भिंती रंगवणारा माणूस मात्र हा पहिलाच.

मामा, म्हणजे सगळा तालुका त्यांना मामाच म्हणे, लग्नाच्या भिंती रंगवायचे. कवठे येमाईपासून पार दौंडकडच्या खुटबावपर्यंत, लग्नघर म्हटलं की दाराच्या दोन अंगांना त्यांचे दोन हत्ती, वर मोर आणि मोरांच्या मध्ये नवरा-नवरीची नावं. बाकीच्यांच्या चौकटीवर गणपती, त्यांच्या स्वतःच्या बुद्धवाड्यात त्या जागी पिंपळाचं पान. हत्ती सगळीकडे तेच. नीळ, गेरू, काजळी आणि शिंदीची काडी ठेचून केलेला कुंचला, एवढंच सामान. ते हत्ती थोडे बैलाच्या वळणावर जायचे. मी एकदा तसं म्हणालो.

"हत्ती कुठं बघितलाय म्या, रावसाहेब? बैल बघितलाय. सोंड लावली की झालं."

मी रावसाहेब नव्हतो, पण त्यांच्या लेखी खुर्चीत बसलेला प्रत्येक जण रावसाहेबच.

मानधनाचं त्यांना फारसं नव्हतं. त्यांना हवा होता कागद. रेशनकार्डावर मजूर, मतदारयादीत मजूर, पोराच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचा धंदा मजूर. "कुटंतरी सरकारनं लिवावं की ह्यो मानूस चित्रकार हाय. मंग मरायला मोकळा," असं ते म्हणायचे. अर्ज मीच भरला. कलाप्रकाराच्या रकान्यात 'चित्रकार' लिहिलं, तेव्हा त्यांनी मला तो शब्द दोनदा वाचायला लावला.

अडलं ते पुराव्यापाशी. मानधनाची नावं ठरवणाऱ्या समितीला जुन्या कामाचा पुरावा लागे. शाहीर डफ घेऊन येतो, बुवा कात्रणं घेऊन येतात, पण भिंत काही कुणी काखोटीला मारून आणत नाही. त्यात आपल्याकडे दसरा काढायची रीत. घट बसायच्या आधी घरातलं चिंधूकसुद्धा धुवायचं आणि भिंतींना चुना मारायचा. उन्हाळ्यात काढलेले हत्ती दसऱ्याला चुन्याखाली जायचे. मामांना त्याचं काहीच वाटत नसे. पुढच्या लग्नाला भिंत कोरी मिळाली, एवढंच.

कवठ्यात मात्र एक भिंत उरली होती. तिथल्या एका धनगर आप्पांनी थोरल्या लेकीच्या लग्नातली चित्रं वीस वर्षं पुसू दिली नव्हती. दर दसऱ्याला सगळ्या घराला चुना लागे, तेवढी भिंत सोडून. हे कळलं आणि मी खुर्चीतून उठलोच. आमच्या साहेबांच्या मागे लागून समितीला कवठ्याला यायला राजी केलं. मामांना निरोप धाडला, "साहेब स्वतः येणार आहेत. भिंत जरा नीट दिसेल असं बघा."

हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं.

आम्ही जीपमधून उतरलो, तर भिंत पांढरीशुभ्र आणि तिच्यावर ताजे टवटवीत हत्ती. निळीचा वास अजून येत होता. मामा धुतलेला सदरा घालून उभे होते. समितीतल्या एका सदस्यांनी बोट लावलं, ते निळं झालं.

"हे तर कालचं आहे. जुनं काम कुठंय?"

"ह्याच्याच खाली हाय की, सायेब," मामा आनंदाने म्हणाले. "पार मळल्यालं हुतं. तुमी एवढ्या लांबनं येनार, आन् मळकं दावू व्हय?"

आप्पा ओट्यावर बसले होते. ते मला हळूच म्हणाले, "म्या म्हनलं हुतं ऱ्हाऊ द्या. पर चित्र त्यांचं. मी कोन न्हाई म्हननार?"

सदस्यांनी चहा घेतला, हत्तींचं कौतुक केलं आणि शेरा मारला: जुन्या कामाचा पुरावा आढळला नाही. नियमाने ते बरोबरच होते. मला मात्र परतीच्या वाटेवर जीपमध्ये कुणाच्या तोंडाकडे बघवेना. मी त्या माणसाचं वाटोळं केलं असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं.

नामंजुरीचं पत्र मीच टाइप केलं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू, असा निरोपही दिला. मामा आले नाहीत. तोवर रांजणगावला कंपन्या आल्या होत्या, पोरांच्या हातात पगार खेळू लागला, लग्नं कार्यालयांत गेली आणि दारात फ्लेक्स लागले. मामा गेल्याचं मला महिन्याभराने कळलं.

भेटायला गेलो. घरात फोटो नव्हता. होती एक काचेची चौकट, तिच्यात सरकारी कागद. जवळ जाऊन बघितलं, तर माझंच पत्र. वरचा जावक क्रमांक, खाली 'प्रति', मामांचं नाव आणि नावापुढे 'चित्रकार'. तिथून खालचा मजकूर मागे दुमडला होता.

"खालचं काय कामाचं न्हाई म्हनायचे," मामी म्हणाल्या. "सरकारनं चित्रकार लिवलंय, तेवढं लोकांला दिसू दे म्हनायचे. तुमीच लिवलं न्हवं ते?"

तो शब्द मी अर्जावरून पत्त्यात उतरवला होता. सगळ्यांच्याच पत्रात ज्याची त्याची कला अशी उतरवायचो, न बघता.

"व्हय मामी," मी म्हणालो, "मीच लिहिलं."