हळू आवाजाचा स्क्रू

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ओटीवर बसून अ‍ॅम्प्लिफायर तपासणं. माझी बायको माईकसमोर, मी अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीशी. दुसऱ्या दिवशी मसोलीला एका घरी हळद होती आणि गाणी तिने सांगायची होती. ती माईकवर बोंबील, मांदेली, करंदी म्हणत गेली आणि भोंग्यातून नुसती खरखर आली.

"स्क्रू परत फिरवलात ना?" ती म्हणाली.

"उद्या सकाळी बघू," मी म्हटलं.

तिचा आवाज बाजाराने खाल्ला. वाणगावला पंधरा वर्षं मासळीची टोपली घेऊन ओरडल्यावर गळ्यात जेवढं उरतं तेवढंच उरलं होतं. पूर्वी तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नसे. मग बोलावणं यायचं, पण वडे तळायला.

माझा धंदा भोंग्याचा. साठच्या दशकाची अखेर होती. तलासरीकडच्या पाड्यांत वीज नव्हती, म्हणून मोटारीच्या बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर आणला होता. तो पुढाऱ्यांसाठीच बनवलेला असावा. ओरडलं की खणखणीत, हळू बोललं की तुकडे. आत दोन मोठे ट्रान्झिस्टर, दोघांनी आवाज अर्धा अर्धा वाटून घेतलेला. एकाने सोडला की दुसऱ्याने धरायचा. पण मधल्या वेळात दोघंही झोपायचे, कचेरीतल्या दोन टेबलांसारखे. मोठा आवाज दोघांना उठवायचा. हळू आवाजाचा अर्ज मधेच गहाळ.

मी चौथी नापास. पण मुंबईच्या एका रेडिओवाल्याने सांगितलं होतं, दोघांना थोडा करंट सतत चालू ठेव, मग झोपणार नाहीत. जास्त दिलास तर जळतील. पहिली जोडी मी जाळलीच. दुसऱ्या वेळी मीटर लावला, उष्णता ओढायला जाड अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकला आणि करंट कमीजास्त करायचा स्क्रू केसभर केसभर फिरवला. बायको माईकवर गुणगुणत राहिली. एका जागी खरखर गेली आणि तिचा आवाज बाहेर आला. फाटका होता, पण अख्खा.

ती म्हणाली, "आता वडे दुसरं कोणीतरी तळेल."

पुढच्याच आठवड्यात तलासरीकडे सभा. पुढारी रस्त्याबद्दल गरजले, टाळ्या झाल्या, आणि त्यांनी वाकून आपल्या माणसाला हळूच विचारलं, "हा पाडा कुठला रे?" पेटीने ते इमानदारीने शेवटच्या झाडापर्यंत पोचवलं. मागून एका म्हातारीने पाड्याचं नाव ओरडून सांगितलं. "मागच्या येळेलाही मीच सांगितलं व्हतं, दादा!"

दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस माझ्या दारात.

"मिस्त्री, पेटी बिघडली तुमची."

"बिघडली नाही, सुधारली."

"मग पहिल्यासारखी बिघडवा. नाहीतर निवडणुकीला दुसरा भोंगेवाला बघू."

मी बिघडवली. तिला सांगितलंही नाही. घाबरलो, दुसरं काय.

म्हणून त्या दिवशी ओटीवर खरखर ऐकून ती माईकसमोरून उठली. "ज्यांना ओरडता येतं त्यांना तुमची पेटी कशाला लागते?" एवढंच बोलली आणि मागल्या दारी सुकत घातलेले मासे पालटायला गेली. तिथे बसली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, हार्ट. अंधार पडायच्या आत सगळं आटोपलं. समजूत घालायला पुष्कळ माणसं आली, सगळी मोठमोठ्याने बोलणारी. पुढाऱ्यांचा माणूस हार घेऊन आला आणि जाताना म्हणाला, "उद्याच्या सभेला पेटी आहे ना?"

सकाळी, सुतकातच, मी पेटी उघडली. शेजारी म्हणाले, याचं डोकं फिरलं. मीटर लावला. सुई जुन्या खुणेवर येईपर्यंत स्क्रू फिरवला आणि पत्रा कोमट लागेपर्यंत त्यावर हात ठेवून बसलो. तपासायला हळू आवाजाचं माणूस घरात नव्हतं. मला हळू बोलायची सवय नाही, तरी बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. पण त्यातलं काही तुटलं नाही. मग होडीच्या तेलरंगाचा एक थेंब स्क्रूवर सोडला, म्हणजे तो पुन्हा कोणाला फिरवता येऊ नये, मलासुद्धा.

पुढाऱ्यांचा माणूस आला. त्याला म्हटलं, दुसरा भोंगेवाला बघ. हळदीच्या घरून गडी आला होता, त्याच्या डोक्यावर पेटी दिली आणि सांगितलं, "माईक बायकांच्या पुढ्यात ठेव. नवऱ्याच्या मामाच्या हातात देऊ नकोस."