कौसाबाईंचे खालचे दात

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, दवाखान्यात वर्षानुवर्षं माझ्याबरोबर राबलेल्या सिस्टरजवळही नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? नीट माहीत नाही — तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल.

मी दातांची डॉक्टर. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला, बियाण्यांच्या दुकानाच्या वर माझा दवाखाना होता. स्वभाव पहिल्यापासून चौकस. लहानपणी मी उबवायला बसलेल्या कोंबडीखालचं अंडं फोडून बघितलं होतं, आत पिल्लू कुठपर्यंत आलंय म्हणून. तेव्हा मार खाल्ला. पुढे डॉक्टर झाले तसे लोक त्याच खोडीला अभ्यासू वृत्ती म्हणायला लागले, आणि मलाही ते आवडायचं.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. जबड्याच्या हाडात स्क्रू बसवायचे आणि त्यांच्यावर दातांची अख्खी ओळ पक्की करायची — इम्प्लांट — हे तेव्हा आमच्याकडे नवं होतं. हैदराबादला दोन दिवसांचं शिबिर करून आले आणि डोक्यात दुसरं काही राहिना. हाड त्या स्क्रूला धरतं तरी कसं? आपलं-परकं त्याला कळत नाही का? मला ते माझ्या हातानं करून बघायचं होतं.

आणि कौसाबाई आल्या. राजूरच्या. गणपतीच्या देवळासमोर त्यांचं नारळ-फुलांचं दुकान. जन्मभर मिश्री लावलेली — तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड — आणि वर पायरिया. हिरड्या पार गेलेल्या. खालचे सगळे दात हलत होते, ते मीच काढले. त्यात चूक नव्हती. कवळी करून दिली, पण हाड इतकं झिजलेलं की गिऱ्हाइकाला हाक मारली की कवळी उचलली जायची. ज्या बाईचं दुकान हाकेवर चालतं तिनं काय करायचं?

मी इम्प्लांट सुचवलं. माझी फी नको म्हटलं. तो मोठेपणा नव्हता, मला पेशंट हवा होता. अट एकच, मिश्री बंद. तंबाखूनं जखम भरत नाही, स्क्रू सुटतात. त्यांनी नवऱ्यादेखत गणपतीची शपथ घेतली.

शपथेवर विसंबणारी मी नव्हे. दर खेपेला त्यांची तर्जनी बघायचे. मिश्री लावणाऱ्या बाईचं ते बोट काळपट पडलेलं असतं, नखाच्या कडेला पूड बसलेली असते. कौसाबाईंचं बोट आधी फिकट झालं, मग स्वच्छ. तोंडाला वास नाही, हिरड्यांना डाग नाही. बाईंनी शब्द पाळला होता आणि ते मला ठाऊक होतं. पुढचं ऐकताना एवढं ध्यानात असू द्या.

चार स्क्रू बसवले. हाड त्यांना धरेपर्यंत तीन-चार महिने वर भार टाकायचा नाही, हे शिबिरात बजावून सांगितलेलं. पण एका मासिकात वाचलं होतं, परदेशात त्याच दिवशी दात देतात. खरंच चालतं? कुणाच्या हाडात चालतं? कौसाबाईंचं हाड आजारानं खाल्लेलं आहे, हे एक्स-रेत मला दिसत होतं. तरी तिसऱ्या आठवड्यात मी दात बसवले. बघू तरी काय होतं — अगदी याच शब्दांत मनाशी म्हटलं होतं. त्यांना विचारलं नाही. त्या आरशात बघून हसल्या, पदरानं तोंड झाकलं, पुन्हा हसल्या. मी मात्र स्क्रूंचाच विचार करत होते.

दीड महिन्यात चारही हलले. काढावे लागले. त्यांचे मालक दादाराव खुर्चीशेजारीच उभे होते. कशानं झालं, म्हणून त्यांनी साधं विचारलं. आणि मी — किती वेळ गेला असेल, दोन श्वास? — म्हणाले, "मिश्री चालू असली की असंच होतं."

याचं मला आजही नवल वाटतं. खोटं इतकं तयार कसं निघालं? कुठे ठेवलं होतं मी ते? "चालू आहे" म्हटलं नाही, "चालू असली की" म्हटलं, म्हणजे पळवाटही त्याच दोन श्वासांत शोधली. कौसाबाईंच्या तोंडात कापसाचा बोळा होता. त्या नुसती मान हलवत राहिल्या.

"देवाच्या दारात बसती अन् देवाचीच खोटी शपथ घेती," दादाराव म्हणाले. आवाज चढवला नाही. त्याचीच मला लाज वाटली — पण मी हातमोजे काढले आणि पुढचा पेशंट बोलावला.

पंधरा दिवसांनी जखम दाखवायला त्या एकट्या आल्या. मला वाटलं, भांडतील. भांडल्या असत्या तर मी कबूल झाले असते का? कोण जाणे. त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, झोपंत माणूस उठून चालतंय म्हणतेत. मंग म्या झोपंतच तर मिश्री लावली नसंल ना?"

खोलीत आम्ही दोघीच होतो. पहिल्यांदा मी घाबरले होते, असं म्हणता येईल. या वेळी कसली भीती होती?

मी म्हणाले, "होऊ शकतं."

त्यांनी मान डोलावली. स्वतःच्या बोटावर नाही, माझ्या शब्दावर विश्वास ठेवला त्यांनी.

वर्षाभरानं भोकरदनच्या एका शाळेत मुलांचे दात तपासून परतताना गाडी राजूरला थांबली. त्या दुकानात होत्या. मला बघून त्यांना आनंद झाला — खरोखरचा, हे मी नीट बघितलं. त्यांनी निवडून एक नारळ काढला, माझ्या हातात दिला.

"माझ्या नावानं तुमी फोडून या, मॅडम. म्या आत जात न्हाई आता. शपथ मोडली का न्हाई, मलाच ठावं न्हाई. मंग आत कशी जाऊ?"

तिथे, त्यांच्या दुकानाच्या पायरीशी, एक वाक्य पुरलं असतं. मी नारळ घेतला. रांगेत उभी राहिले. पुजाऱ्यानं नाव विचारलं, कौसाबाईंचं सांगितलं. फोडून आणलेल्या खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि चावता येईना म्हणून गालात धरून बसल्या. मी गाडीत बसले.