ओल्या हातचा घास
लसणाच्या चटणीचा वास आला की गंगापूर रोडवरच्या आमच्या विशेष शाळेतली ती दुपार आठवते. मी नवी शिक्षिका, घरातली पहिली पदवीधर, म्हणून सायखेड्याहून मुलीला घेऊन आलेल्या बाईंना आधी माझं शिक्षणच ऐकवलं. मुलीला या शाळेत घालावं की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं. त्या नुसत्या माझ्याकडे बघत होत्या, काय शोधतायत ते मला कळेना. तेवढ्यात मुलीनं डबा उघडला आणि लाळेनं ओल्या बोटांनी भाकरीला चटणी लावून तुकडा माझ्यापुढे धरला. मी तो खाल्ला, तिखटानं ठसका लागला. तिच्या आई पहिल्यांदा हसल्या. "उद्यापासून आणते हिला, मॅडम. घरी कुणी हिच्या हातचं खात नाय." आता नवे पालक आले की मी आधी मुलाच्या डब्यातला घास मागते.